समोर दिसत नाही म्हणून

इंटरनेट नवीन होतं तेव्हा ठाण्यातल्या माझ्या सायबर कॅफेत कोळीवाड्यातल्या एक ताई दर रविवारी यायच्या आणि सिनेमाच्या चॅटरूममध्ये भांडायच्या. टाइप करताना प्रत्येक शब्द मोठ्याने बोलायच्या, आलेलं उत्तरही वाचून दाखवायच्या, त्यामुळे भांडण अख्ख्या कॅफेला कळायचं. मला कायम ‘अरे’, पण चॅटवरच्या शिवराळ माणसालाही ‘अहो’!

मी विचारलं तर म्हणाल्या, “अरे, मी हसतेय की चिडलेय ते तुला दिसतं. त्या बिचाऱ्याला नुसती अक्षरं दिसतात.”

एकदा एकाने लिहिलं, कोळ्यांना सिनेमात दारू आणि नाच एवढंच शोभतं. ताईंनी बोटं मोडली आणि टाइप करू लागल्या.

“अहो, मी कोळीण आहे. नाचते झकास, पण वागळे इस्टेटमध्ये मशीनची ड्रॉइंगं काढते.”

“वाटत नाही. कोळणी अशा बोलत नाहीत.”

ताई इतक्या जोरात हसल्या की शेजारचा दचकला.

“अहो, अशाच बोलतात. तुम्ही फक्त सिनेमातल्या ऐकल्यात. जेवलात का?”

उत्तर आलं, “नाही अजून. तुमच्याकडे काय केलंय आज?”

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. “अरे, अर्धा तास वाढव. याला कालवण सांगायचंय.”