कळ्यांची पिवळी पूड

माझी थोरली जाऊ थोआ कुणावर चटकन विश्वास ठेवायची नाही. बाजारात मासा घेताना आधी त्याचे कल्ले उघडून बघायची, मग मासेवालीचा चेहरा. थायबिन्हकडच्या आमच्या गावात घरोघरी ह्वेची झाडं. उमलण्याआधी कळ्या खुडायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि चहासारख्या उकळून प्यायच्या. सासऱ्यांच्या आधीपासून हेच चालत आलेलं.

एका वर्षी हनोईच्या कंपनीतली लाम कळ्या विकत घ्यायला आली. कळ्यांतून पिवळी पूड काढून ती प्रयोगशाळांना पुरवायची, हा त्यांचा धंदा. कौतुकानं तिनं थोआच्या हातात इवलीशी बाटली ठेवली. “मावशी, ही तुमच्यासारख्याच ह्वेच्या कळ्यांची!”

थोआनं बाटली माझ्यापुढे धरली. मी वाचलं : ‘फक्त संशोधनासाठी. खाण्यापिण्यासाठी नाही.’

“आम्ही जन्मभर पितो, आणि तुमच्या हाती गेलं की विष होतं होय गं?”

“विष नाही हो मावशी. औषध म्हणून पारखलेली नाही, म्हणून तसं लिहावं लागतं. तिकडे काचेच्या नळीत तिच्यावर प्रयोग करतात.”

“मग चाट बघू चिमूटभर.”

लाम गोरीमोरी झाली. “आम्हाला तशी परवानगी नसते.”

“बघ!” थोआ माझ्याकडे वळली. “म्हटलं नव्हतं, कुठंतरी पाणी मुरतंय?”

लाम रिकाम्या हातानं परतली. थोआनं घरातली ह्वेसुद्धा उकळणं बंद केलं. लिच भावजी चिडले, “बायकोच्या संशयापायी मी आता गरम पाणी पीत बसू?” गावात कुजबुज सुरू झाली. शेजारणींनीही पोती अडवून धरली. त्यात हवा दमट; कळ्यांना बुरशी लागायची भीती. शेवटी थोआ म्हणाली, “डोळ्यांनी बघितल्याशिवाय देणार नाही.” लामनं होकार कळवला, तेव्हा आम्ही दोघी कारखान्यात गेलो.

आत स्पिरिटचा वास. माणसांच्या तोंडावर फडकी, हातांत मोजे. थोआनं मला कोपरानं ढोसलं, “हातसुद्धा लावत नाहीत बघ!”

“आमचा घाम पुडीत पडू नये म्हणून,” लाम म्हणाली. थोआनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जेवणाच्या सुट्टीत कामगार अंगणात आले. मोठ्या किटलीतून पेले भरले गेले. थोआनं सरळ एका जाड्या माणसाच्या हातातला पेला काढून घेतला आणि हुंगला.

“काय रे हे?”

“ह्वे, आजी. दुसरं काय?”

“कुठली?”

“पोत्यातलीच. मूठभर उचलतो आम्ही...” बोलता बोलता त्याला लाम दिसली, आणि त्यानं जीभ चावली. लामनं हसू दाबत तोंड फिरवलं.

थोआनं तो पेला उभ्या उभ्या रिकामा केला.

त्याच आठवड्यात पोती गेली. वजन करताना तराजूखाली वाकून बघून झाल्यावरच. आता लाम दर मोसमाला येते. थोआ दोन पेले भरते, आणि लामनं पहिला घोट घेतल्याशिवाय आपल्या पेल्याला हात लावत नाही.