तिन्ही वेळा चोवीस

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटातली महाधमनी एका जागी फुग्यासारखी फुगली होती. डॉक्टरांनी पोट न फाडता, जांघेतून तार घालून, आत जाळीची नळी बसवली. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा सगळा जन्म पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर गेला. "झिजलेल्या सिलिंडरात स्लीव्ह ठोकतात, तसंच ना? सरी, ठीक आहे," म्हणाले आणि टेबलावर आडवे झाले.

फरक एवढाच, की स्लीव्ह बसली की सिलिंडर गप्प राहतो. माणसाची रक्तवाहिनी गप्प राहत नाही. आतला दाब गेल्यावर फुगा आकसतो, त्याच्याबरोबर नळीही जराशी वाकते. फुग्याच्या वरचा जो धड भाग, त्याला डॉक्टर मान म्हणतात. तिथे नळी मुद्दाम थोडी मोठी घेऊन घट्ट बसवलेली असते. ती स्प्रिंगसारखी बाहेर रेटत राहते, आणि काहींची मान वर्षागणिक रुंदावते. फार रुंदावली तर पकड सुटते, नळी खाली घसरते, रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. म्हणून दरवर्षी स्कॅन.

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर यायचा. अण्णा एकच विचारायचे, "मानेचं रीडिंग किती?"

पहिल्या वर्षी चोवीस मिलिमीटर होतं. तेच सांगितलं. दुसऱ्या वर्षी सव्वीस. मी चोवीस म्हणालो. म्हातारा माणूस, उगाच घाबरेल. तिसऱ्या वर्षी एकोणतीस, आणि डॉक्टरांचा मला फोन: सहा महिन्यांनी पुन्हा आणा. मी अण्णांना सांगितलं, "चोवीस. आता थेट पुढच्या वर्षी."

खरं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दयाबिया काही नव्हती. मला ते सगळं पुन्हा नको होतं: रजा, फाईल, लिफ्टसमोरची गर्दी, हिरव्या गाऊनमधले अण्णा. मारतहळ्ळीच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. त्यात माझं नाव चांगलं आहे.

दहाएक महिन्यांनी, एका रविवारी इडली खाताना अण्णा म्हणाले, "तीन वर्षं चोवीसच?"

"हो. चांगलंय की."

"कसलं चांगलं? सिलिंडरच्या एकाच बोअरचं रीडिंग मी सकाळ-दुपार घेतलं तरी केसभर फरक यायचा. रजिस्टरात कुणी ओळीनं एकच आकडा भरला, की मी समजायचो, यानं गेज हातातच धरलेला नाही."

मी चटणी वाढून घेतली.

"मोबाइल दे."

"अण्णा, तुमचा चष्मा..."

"डोळ्यांवरच आहे."

ओळीखाली बोट फिरवत त्यांनी तिन्ही रिपोर्ट वाचले. "पाच मिलिमीटर," म्हणाले. "इंजिन असतं तर भंगारात काढलं असतं रे." मग उरलेली इडली संपवली.

दुसऱ्याच दिवशी स्कॅन झाला. नळी खाली सरकली होती. वर आणखी एक तुकडा जोडायला हवा होता. पण धड जागा आता मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जिथून निघतात तिथेच उरली होती, म्हणजे त्यांच्यासाठी भोकं ठेवलेली खास नळी मागवणं आलं. धोकाही वाढला होता.

"सहा महिन्यांनी या म्हटलं होतं," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले. "तेव्हा सोपं झालं असतं."

मी तोंड उघडलं. त्याआधीच अण्णा बोलले, "यानं सांगितलं होतं, डॉक्टर. मीच टाळलं. वय झालं की माणूस स्वल्प हट्टी होतो."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. अण्णांनी नव्या कामगारासारखी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारी फाईल धरून उभा.

ऑपरेशन पार पडलं. अण्णा आता रिपोर्ट स्वतः वाचतात, आणि आकडा मला सांगतात. मात्र फाईलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: पेशंटने तपासणीस टाळाटाळ केली. अण्णांनी आयुष्यात भरलेलं हे एकमेव खोटं रीडिंग. दर भेटीत ते पान माझ्याच हातात असतं. अजून मी दुरुस्त करून घेतलेलं नाही.