आधी खांब, मग देवी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास झालो की नाही ते मास्तरांनाच ठाऊक, मी निकाल बघायला गेलोच नाही. पण कानडी मला कुणी शिकवली नाही. पीण्या म्हणजे बेंगळूरुची कारखान्यांची वसाहत, तिथं लेथवर उभा राहून माझी मी उचलली, आणि त्याचा मला फार ताठा. बेंगळूरुत आमच्या घरात कानडी येणारा मी एकटा, हे मी आयुष्यभर धरून चाललो. रेशनच्या दुकानात मी बोलणार, डॉक्टरशी मी बोलणार, घरमालकाशी मीच भांडणार. बायको शेजारी पिशवी धरून उभी. वाटेत मी तिला सांगायचो, तो काय म्हणाला. सगळं नाही, कामापुरतं.

आमची सून पुण्याची. ती आणि मुलगा एचएसआर लेआउटला फ्लॅटमध्ये राहतात, आम्ही दोघं पीण्यातच आमच्या जुन्या दोन खोल्यांत. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "बाबा, मी तुम्हा दोघांसाठी बेलूर-हळेबीडची प्रायव्हेट टूर बुक केलीय. गाडी घरी येईल, दिवसभर गाइड बरोबर. आणि गाइड मुद्दाम कन्नडा बोलणारा घेतलाय, तुम्हाला येतं ना."

"देऊळ बघायला गाइड कशाला लागतो? मला डोळे आहेत."

"बाबा, प्लीज. तो हिस्टरी सांगतो सगळी."

"मला कशाला सांगतो? मेलेल्या राजाला विचारायचं का जाऊन, खरं आहे का म्हणून?"

बायको आतून पदराला हात पुसत आली. "अहो, जाऊ या. माझं काम आहे तिथं."

तिचं काम मला माहीत होतं. आमच्या शेजारच्या खोलीत पंचवीसेक वर्षं एक बाई राहायची, हासनकडची. तिला सगळी गल्ली अक्काच म्हणायची. तिचं माहेर बेलूरजवळ. ही आणि ती दुपारी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायच्या, हसायच्या. मी कामावरून आलो की गप्प व्हायच्या. हिला मराठी आणि तिला कानडी, तरी यांचं काय चालतं, असं मला वाटायचं. हातवारे करत असतील, म्हणून सोडून द्यायचो. अक्कानं हिला कधीतरी सांगितलं होतं की आपण दोघी मिळून आमच्या बेलूरच्या देवीची ओटी भरायची. ती मडिलक्की म्हणायची त्याला. ते राहून गेलं आणि गेल्या वर्षी अक्का वारली. तेव्हापासून हिच्या मनात ते होतं. जायच्या आदल्या दिवशी हिनं पिशवी भरली तेव्हा मी बघितलं, खण दोन होते. एक हिरवा, एक लाल.

"दोन कशाला?"

"एक तिच्या नावचा."

बेलूरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेत मी चहाला दोनदा गाडी थांबवली होती. दाराशी गाइड उभा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. मला 'यजमानरे' म्हणाला, हिला 'अम्मा'. हिच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती, ती त्यानं बरोबर हेरली. मला कानडीत म्हणाला, अम्मांना देवीची पूजा करायची असेल तर आधी तिकडं जाऊ. नैवेद्य झाला की दार बंद करतात, मग संध्याकाळीच उघडतात. "मोदलु देवी, आमेले कंब." आधी देवी, मग खांब. खांबांचं त्यानं काढलं, कारण मी उतरल्या उतरल्या त्याला खांबांचंच विचारलं होतं. इथले खांब लेथवर फिरवून केलेत असं मी कारखान्यात कुणाकडून तरी ऐकलं होतं.

आणि शेवटी म्हणाला, "अम्मांना सांगा."

आता खरं सांगायचं तर मला ते 'सांगा' म्हटलेलं आवडलं नाही. मी काय निरोप्या आहे? शिवाय वेळ पुष्कळ आहे असं मला वाटलं. आणि त्याहून खरं म्हणजे मला खांब बघायचे होते, आत्ता, लगेच, कोवळ्या पोराला जत्रेत पाळणा दिसावा तसे. बायको माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आधी खांब बघून घ्या, मग देवी."

"असं म्हणाला?"

"हो."

तिनं गाइडकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरं. मी बसते इथं. तुम्ही या बघून." आणि देवळाच्या जोत्याच्या पायरीवर सावली होती तिथं पिशवी मांडीत घेऊन बसली. गाइड एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, चला. त्याला वाटलं असेल, अम्मांनीच ठरवलं.

आत अंधार होता. त्यानं बॅटरी मारली आणि माझ्या तोंडून शिवीच निघाली, देवळात. काय ते खांब! घंटा उलटी ठेवावी तसा खालचा भाग, वर गळा, गळ्यावर एकाखाली एक खाचा, आणि प्रत्येक खाच चोहोबाजूंनी सारखी. मी आयुष्यभर लोखंड फिरवलं. जॉब लेथच्या चकात धरला, सेंटर नीट नसलं की टूल कसं थडथडतं ते माझ्या मनगटाला कळतं, अजून कळतं. मी खांबाला गोल फेरी घालून खाचेवरून बोट फिरवत गेलो. कुठं अडलं नाही. राखणदार ओरडला, हात लावू नका. मी हात काढला आणि दुसऱ्या खांबाला लावला.

"एवढा जड दगड आडवा कसा धरला असेल?" मी गाइडला विचारलं.

"उभाच फिरवला म्हणतात, यजमानरे. हत्ती लावून फिरवला असंही काही लोक म्हणतात."

"हत्ती? हत्तीचा वेग एकसारखा राहतो का? तो मधेच शेण टाकायला थांबणार."

तो हसला. "मग तुम्ही सांगा."

मला काय ठाऊक? पण मी सांगत सुटलो. खाली खोबण हवी, वर धरायला चौकट हवी, दोर असा हवा. तो म्हणाला दगड खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो, नंतर कठीण होतो. मग मी त्यावर बोललो. तो म्हणाला, प्रत्येक खांब निराळा आहे. मग मी प्रत्येक खांबापाशी गेलो. शेवटी तो म्हणाला, "एखादा घरी न्यायचा आहे काय?" आणि आम्ही दोघं हसलो. कारखाना सोडल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मुद्दाम लिहितो, कारण तेच आता टोचतं.

मग घंटा वाजली, बराच वेळ वाजत राहिली. गाइडचं तोंड पडलं. तो मला सोडूनच बाहेर पळाला. मी मागोमाग गेलो. पायरीवर ही नव्हती. आवारात पलीकडं देवीचं देऊळ आहे, तिकडून ती येत होती, एक पाय ओढत, तापलेल्या फरशीवरून, पिशवी तशीच भरलेली.

"दार लावलं," ती म्हणाली. एवढंच.

गाइड माझ्याकडं वळला. "हेळलिल्वा?" सांगितलं नाही का तुम्ही?

मी काय करायला हवं होतं? चुकलं, म्हणायचं होतं. एक शब्द. मी म्हणालो, कानडीत, तिच्या समोर उभा राहून, की तिचे गुडघे दुखतात, तीच बसून राहिली, तिला चालायला वेळ लागतो. सगळं तिच्यावर घातलं. तिला काय कळतंय, असं मनात.

तो माणूस भला. म्हणाला, सरी, म्हणजे बरं, काही बिघडलं नाही. हळेबीड बघून परत इथूनच जाऊ, तोवर दार उघडेल. ड्रायव्हरला मी सांगतो.

इथं तरी मला सावरता आलं असतं. पण परत यायचं म्हणजे दिवसभर ती गोष्ट माझ्या डोक्यावर राहणार, गाइडच्या डोळ्यांत दिसणार. मी म्हणालो, नको. तिला गाडीत फार वेळ बसवत नाही.

"काय म्हणतो?" हिनं विचारलं.

"म्हणतो, आज आता उघडत नाही."

तिनं मान हलवली आणि पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. हळेबीडला मी काय बघितलं विचाराल तर सांगता येणार नाही. गाइड दाखवत होता, हत्तींची रांग, सिंहांची रांग, आणि मी हूं हूं करत होतो. ती मात्र सगळं नीट बघत होती. एका बाईच्या मूर्तीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हिच्या बांगड्या बघा." घरी येईपर्यंत गाडीत झोपून होती. किंवा डोळे मिटून होती.

पिशवी तिनं देवघराखाली ठेवली. देवीच्या नावानं काढलेलं घरात वापरायचं नाही, म्हणून ती तिथंच राहिली. रोज सकाळी अंघोळ करून मी हात जोडायला उभा राहायचो आणि ती समोर. मला वाटायचं, उचलावी, बस धरावी आणि जाऊन यावं एकट्यानं. पण ओटी बाईनंच भरायची असते. तिथं माझ्या हाताचा काही उपयोग नाही. "जाऊ या का परत?" असं मी दोनतीनदा विचारलं. "बघू," ती म्हणायची.

पुढं एका शनिवारी सून आली. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन मटार सोलत बसलो होतो. ती पिशवी तिला दिसली. "आई, हे अजून इथंच? मी जाते ना. रविवारी मी आणि माझी मैत्रीण जाणारच आहोत बेलूरला. मी भरते ओटी."

"जाशील? मग नीट ऐक," बायको म्हणाली. भाकरी थापता थापताच बोलत होती, मागं वळून बघितलंही नाही. "गेल्या गेल्या आधी देवीकडं जायचं. खांबबिंब नंतर. नैवेद्य झाला की दार लावतात. आणि चुकलंच, तर हळेबीड बघून परत तिथूनच यायचं, तोवर उघडतं. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवलं की तो थांबतो. त्या गाइडनं सांगितलं होतं सगळं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. यातलं एक अक्षरही मी तिला सांगितलं नव्हतं.

"मग त्या दिवशी तुम्ही का नाही गेलात परत?" सुनेनं विचारलं.

"मला गाडीत फार वेळ बसवत नाही म्हणे."

"म्हणे म्हणजे?"

"अगं गुडघे. चालायला वेळ लागतो मला."

"पण बाबा खांब बघत होते तेव्हा तुम्ही एकट्या जाऊन यायचं ना."

"गेले असते," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "एकदा आत डोकावले होते मी. हे खांबाला असे चिकटले होते, एवढे हसत होते. कारखाना सुटल्यापासून हसलेले बघितले नव्हते. म्हटलं, बघू देत अजून थोडं. वाटलं होतं, येतील वेळेवर."

मी ताट खाली ठेवलं. म्हणालो, "गुडघ्यामुळं नाही. मी सांगितलंच नव्हतं तिला."

सून माझ्याकडं बघायला लागली. बायकोनं भाकरी उलटली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मटार सोला."

मी सोलले. थोड्या वेळानं बायको तिला म्हणाली, "मीच येते तुझ्याबरोबर. अक्काला शब्द मी दिला होता. तुझी मैत्रीण चालेल म्हणाली तर."

"चालेल काय, पळेल. बाबा, तुम्ही पण चला."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "नको. त्यांचे खांब बघून झालेत."

रविवारी पहाटे त्या तिघी गेल्या. हिच्या गुडघ्याला पट्टा, पिशवीत नवा नारळ. मी जिन्यावरून खाली पिशवी आणली, गाडीपाशी तिनं ती माझ्या हातातून घेतली. दिवसभर मी घरी. दुपारी वरण गरम केलं, खाल्लं नाही. अक्काच्या खोलीत आता नवे भाडेकरू आहेत, त्यांचा टीव्ही लागलेला असतो. त्या भिंतीपलीकडच्या उंबऱ्यात बसून त्या दोघी पंचवीस वर्षं काय बोलत असतील याचा मी पहिल्यांदाच विचार केला. दुकानात, दवाखान्यात मी कापून कापून सांगितलेलं ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. डॉक्टर तिच्या गुडघ्याबद्दल बरंच काही बोलले होते एकदा. मी तिला म्हणालो होतो, काही नाही, वयोमान.

दिवे लागल्यावर त्या आल्या. हिचं तोंड उन्हानं लाल झालं होतं, कपाळावर मोठं कुंकू. सून सांगत होती, "बाबा, आई त्या पुजाऱ्यांशी काय फ्लुएंट बोलत होत्या! मी बघतच राहिले. अक्कांचं नाव, गाव, सगळं सांगितलं. ते आधी हसत होते, मग त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं."

"काय बोलली?" मी सुनेला विचारलं.

"मला कुठं कळतंय कन्नडा? त्यांनाच विचारा."

बायको आत पाय धूत होती. मी दारात गेलो. "झालं का?" म्हटलं.

"झालं."

ती पाय पुसत होती, हळूहळू, एकेक बोट. मी तिथं उभा होतो. पुढचं विचारायला मला तोंड नव्हतं.