खाड्यावरून रेघ नको

डॉ. वासंती केळुसकर यांच्याशी माझी पहिली ओळख एका दीर्घ उकारामुळे झाली. मुलुंडच्या आमच्या रुग्णालयात मी संगणक विभागात नुकताच लागलो होतो. बारावी अर्धवट सुटलेली, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा तपासायची सवय. पडद्यावरच्या केळुसकर बाईंच्या अहवालातले ‘मुत्रपिंड’ मला बघवेना. कुणालाही न विचारता मी ते ‘मूत्रपिंड’ केले. बाईंनी बोलावले तेव्हा नोकरी गेली असेच वाटले. त्या म्हणाल्या, “ऱ्हस्व-दीर्घाला एवढा घाबरतोस, म्हणजे आकड्यांनाही घाबरत असशील. माझ्याकडे ये.”

रुग्णाची साखर, रक्तदाब, औषधांच्या वेळा असे सारे कागदांवर विखुरलेले असते. ते एका पडद्यावर आलेखाच्या रूपात आणायचे, म्हणजे डॉक्टरांना रुग्णाचा आठवडा एका नजरेत दिसतो. हे तंत्र बाई सत्तरीला टेकल्यावर हट्टाने शिकल्या. पण सुरेख आलेख दिसला की त्या अस्वस्थ होत. चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून विचारत, “हा ठिपका कुणी मोजला?”

कांजूरमार्गचे परबकाका मधुमेहासाठी दाखल होते. संध्याकाळची साखर ठीक, सकाळची ठीक, मधली रेघ सपाट. आमचे तरुण डॉक्टर निखिल त्यांना घरी सोडत होते. परबकाकू पिशवी भरून उभ्याच होत्या.

“निखिल, रात्री साखर किती होती?” बाईंनी विचारले.

“नॉर्मल, मॅडम. बघा ना, लाइन सरळ आहे.”

“लाइन मलाही दिसते रे. मोजली कुणी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “रात्रीचं कुणी मोजलेलं नाही. दोन ठिपके सॉफ्टवेअर आपोआप जोडतं.”

“म्हणजे खाडा आहे!” बाईंचे वडील गिरणीत होते. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, हा त्यांच्या घरातला शब्द. “आणि तुम्ही खाड्याच्या दिवशी हजेरी लावून मोकळे!”

मग त्या काकूंकडे वळल्या. “रात्री नीट झोपतात ना हे?”

“झोपतत खंय! पहाटे घामान सदरो भिजता. माका वाटला, तुमचो पंखो फिरना नाय.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत; झोपेत फुटणारा घाम ही साखर घसरल्याची खूण असू शकते. त्यांनी घरी सोडणे थांबवले. काका चिडले, “मशीन सांगता मी बरो आसंय, मगे बाई कित्याक अडवतत?”

त्या रात्री नर्सनी साखर मोजली. ती धोका वाटावा इतकी खाली गेली होती. इन्सुलिन लगेच कमी केले गेले. काका घरी असते आणि झोपेतच… हे वाक्य मला अजून पुरे करता येत नाही.

त्यानंतर बाईंनी नियम केला: जिथे मोजले नाही तिथे रेघ नाही. सॉफ्टवेअरवाले कुरकुरले, “मॅडम, मध्येच गॅप चांगली नाही दिसत.”

“माझेही दोन दात पडलेत. मी काय तोंड झाकून फिरते?”

आज त्या मोकळ्या जागेवर बारीक अक्षरांत ‘खाडा’ असे उमटते, आणि डॉ. निखिल आधी तिथेच बोट ठेवतात.

मला पुन्हा बारावीला बसवले तेही बाईंनीच. इंग्रजीच्या पेपरला निघालो तेव्हा त्यांचा फोन आला, “दोनदा तपास. तिसऱ्यांदा तपासत बसलास तर घंटा होईल!” मी पास झालो. तिसऱ्यांदा तपासण्याची सवय मात्र गेलेली नाही.

ती जाईल असेही वाटत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की रेघा गुपचूप पुन्हा जुळतात. आता बाई फक्त सोमवारी आणि गुरुवारी येतात. एरवी वॉर्डातला एखादा आलेख फार गुळगुळीत दिसला की मी कागदांवरच्या नोंदी चाळत बसे, कुणाला विचारायला धजत नसे. हे त्यांना सांगितले, तर म्हणाल्या, “मग विचार ना, कुणी मोजलं म्हणून. त्याला काय डॉक्टर व्हावं लागतं?” तेव्हापासून विचारतो. आवाज कापतो, पण विचारतो.

बाईंची पंच्याहत्तरी साजरी करताना आपणा सर्वांच्या वतीने एवढेच मागतो: त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो, सोमवार-गुरुवार असेच चालू राहोत. नातवंडांकडे गेल्या म्हणून एखादा खाडा पडलाच, तर त्यांची जागा आम्ही कोरीच ठेवू. तिच्यावरून रेघ ओढणार नाही.