काकांचा मोबाईल पंचवीस मिनिटं पुढे होता

चूक माझी आहे, हे आधीच लिहून टाकते. पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे, पहिल्या ओळीतच दोषी कोण ते सांगायचं. आजवर तो दरवेळी दुसराच कोणीतरी असायचा.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलू तालुक्यातलाच एक आठवडी बाजार. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया तिथे वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन जमिनीवर पोतं टाकून बसायच्या. तिथल्या ग्रामपंचायत कार्यालयाने सिमेंटचे ओटे बांधले आणि सांगितलं की कोणत्या जागेवर कोण बसतं याची यादी द्या, यादीतल्या नावाने ओटा मिळेल. ते काम आमच्या लहानशा संघटनेने मागून घेतलं. त्यांनी यादी केली असती तर प्रत्येक ओट्यावर घरातल्या पुरुषाचं नाव चढलं असतं. मी पत्रक काढलं, ‘जी बसते, तिचंच नाव’. पत्रक चांगलं होतं. अजूनही चांगलंच वाटतं, आणि तेच जास्त टोचतं.

त्या वर्षी मी डेटाबेस शिकत होते. आमच्या हिंगणीला नेटवर्क धड मिळतं ते फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी. सकाळी आंघोळ झाली की तिथे सतरंजी टाकून बसायची आणि परदेशातल्या एका प्राध्यापकाची फुकट व्याख्यानं ऐकायची. उदाहरणं सगळी विमानाच्या तिकिटांची. मला राग यायचा, आमच्या यष्टीचं एखादं उदाहरण का नाही? पण माणूस शिकवायचा छान. मुद्दा साधा होता. एकच वही दहा यंत्रांवर दहा प्रतींत ठेवलेली, यंत्रांचा एकमेकांशी संपर्क तुटलेला, आणि दोघांनी एकाच ओळीवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या. आता खरं कोणाचं? तो आठवडाभर एकच गोष्ट सांगत राहिला की घड्याळ पाहून हे ठरवू नका, दोन यंत्रांची घड्याळं कधीच जुळत नाहीत. परीक्षेत हा प्रश्न आला. माझं उत्तर बरोबर होतं.

नुसतं ऐकून हात बसत नाही, म्हणून मी एका ओपन सोर्स प्रकल्पात शिरले. नेटवर्क नसतानाही मोबाईलवर चालणारा छोटा डेटाबेस, कोड सगळ्यांना उघडा, कोणीही दुरुस्ती सुचवावी. आधी मी माहितीपत्रकातल्या चुका काढल्या, मग बारीकसारीक कोड लिहिला. बाजाराची यादी याच्यावरच करायची असं ठरवल्यावर मी एक मोठा बदल पाठवला. दोन मोबाईलवर एकाच जागेची वेगळी नोंद झाली, तर नंतरची नोंद राहील, आधीची जाईल.

प्रकल्प सांभाळणारा माणूस मी कधी पाहिला नाही. त्याने दोन ओळी लिहिल्या. नंतरची म्हणजे कोणाच्या घड्याळाने? दोन्ही नोंदी ठेवून माणसालाच विचारलं तर?

मी त्याला पत्रक लिहून पाठवलं. दुसरा शब्द नाही त्याला. तुम्ही आरामात बसून शंका काढता, इकडे बाजार पुढच्या आठवड्यावर आला आहे, इथे बायांच्या हक्काचा प्रश्न आहे, मोबाईलची वेळ आपोआप बरोबर असते, नसत्या चिंता तुमच्याकडेच ठेवा. असं पानभर. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं की मला पटलेलं नाही, पण तुमच्या प्रतीत तुम्ही हवं ते करू शकता. मला वाटलं मी जिंकले. माझ्या प्रतीत मी हवं ते केलं.

आणि हे लिहिणारी मी कोणत्या घरात वाढले? आमच्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या जन्माआधीपासून दहा मिनिटं पुढे आहे. यष्टी चुकू नये म्हणून. घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करतो. आमच्याकडे निम्म्या घरांत हेच.

यादीच्या कामाला सिंदीहून एक काका यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर सुरेख, वागायला अतिशय सरळ. जन्मभर पॅसेंजर गाडीने ये-जा करून नोकरी केलेली. त्यांचं मनगटावरचं घड्याळ आणि मोबाईल, दोन्ही पंचवीस मिनिटं पुढे. आपोआप वेळ लावून घेण्याची सोय त्यांनी मुलाकडून बंद करून घेतली होती, हे मला नंतर कळलं. नंतर कळलं म्हणजे, मी विचारलंच नव्हतं.

बाजारात नेटवर्क नव्हतं. रांगेच्या एका टोकाने काका निघाले, दुसऱ्या टोकाने मी. सतरा नंबरच्या जागेवर एक मावशी बसायच्या. विधवा, हातची भाजी स्वच्छ, वीसेक वर्षं तीच जागा. काका तिथे पोचले तेव्हा त्या हापशीवर पाणी आणायला गेल्या होत्या आणि त्यांचा दीर पोत्यापाशी उभा होता. आमचीच जागा आहे म्हणाला. काकांनी त्याचं नाव लिहिलं. शेजारणीने मावशींना सांगितलं, तशा त्या ओल्या हातानेच माझ्याकडे आल्या.

“काऊन वं, पत्रक तं तूनंच वाटलं ना?”

“हो मावशी.”

“मंग माह्या जागेवर दिराचं नाव कसं लिवून राह्यले तुमचे मास्तर? तो हप्त्यातून एकदा येते इथं, चहा पेवाले.”

मी तिथल्या तिथे माझ्या मोबाईलवर सतरा नंबर उघडला आणि त्यांचं नाव लिहिलं. त्यांना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

“पक्कं हाय ना?”

“पक्कं. आता कोणी बदलवू शकत नाही.”

काकाही मागोमाग आले, ओशाळलेले. “माह्यी चूक झाली, बाई. मी बी माह्या मोबाईलमधी बदलवून टाकू काय?”

“राहू द्या काका,” मी म्हटलं. “मी केलं आहे. नंतरचंच राहतं.”

त्यांनी नोंद केली होती खऱ्या अकरा दहाला. मी दुरुस्ती केली अकरा वीसला. त्यांच्या मोबाईलने स्वतःच्या नोंदीवर अकरा पस्तीस लिहिलं होतं.

बसस्टँडवर नेटवर्क आलं, दोन्ही मोबाईल एकमेकांशी बोलले आणि माझ्या नियमाप्रमाणे मावशींचं नाव गेलं. आवाज नाही, सूचना नाही. दुसऱ्या दिवशी मी यादी छापली, ओळी मोजल्या, बरोबर भरल्या, खाली सही केली. नावं वाचली नाहीत. यादी कार्यालयाच्या फळ्यावर हरकतींसाठी लागली तेव्हा मी गिरडकडे दुसऱ्या कामाची पत्रकं वाटत फिरत होते. बाकीच्या बाया फळ्यावर नाव पाहून आल्या. मावशी गेल्या नाहीत. मीच पक्कं म्हटलं होतं ना.

ओटा दिराच्या नावाने निघाला. मी तिथल्या बाबूशी भांडायला गेले. त्याने आवाज न चढवता कागद माझ्यापुढे सरकवला. “यादी तुमची मॅडम, सही तुमची. हरकतीची मुदत होती.” मी मुदतीवर बोलले, नियमांवर बोलले, बायांच्या हक्कावर तर पाठच होतं. अर्ज दिला, वर अपील दिलं, दोन्ही फेटाळले गेले. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाविरुद्ध पत्रक काढावं ते सुचलं नाही.

घरी टाकीपाशी बसून जुन्या नोंदी उघडल्या तेव्हा दोन वेळा एकाखाली एक दिसल्या. काकांना सांगितलं. त्यांनी मोबाईलची वेळ बरोबर करून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची गाडी चुकली. त्यांनी वेळ परत पुढे केली नाही. “आता जरा लवकर निघतो,” म्हणाले.

मी त्या प्रकल्पावर परत गेले. आधी तो सांभाळणाऱ्याची माफी मागितली, ती लिहायला मला पानभर लागलं नाही. मग बदल पाठवला, दोन्ही नोंदी ठेवा, माणसाला विचारा. सोबत चाचणी लावली, दोन मोबाईल, त्यातला एक पंचवीस मिनिटं पुढे. त्याने विचारलं, पंचवीसच का? मी लिहिलं, आमच्याकडे गाडी चुकू नये म्हणून. त्याने बदल घेतला.

ही बातमी मावशींना सांगायला मी बाजारात गेले. आता त्या ओट्यांच्या पलीकडे, नालीच्या काठावर बसतात. सतरा नंबरवर दिराने मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलं आहे. मी दोन मोबाईल त्यांच्या पोत्यावर ठेवले, एकाचं घड्याळ पुढे केलं आणि काय झालं ते करून दाखवलं. मला वाटलं होतं, फार समजावून सांगावं लागेल.

“म्हंजे दोघायनं दोन नावं लिवली,” त्या म्हणाल्या, “अन् मोबाईलनं घड्याळ पाह्यलं. मले विचाराचं होतं ना. मी तं तिथंच होती.”

“आता विचारतो मावशी. तसंच केलं आहे.”

“मंग माह्यं नाव परत येते?”

“नाही.”

त्यांनी सांबारावर पाणी शिंपडलं. “दुसऱ्या कोण्या बाईचं नाई मिटणार मंग.”

“नाही मिटणार.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी पोतं नालीकडे ओढायला लागल्या. मी दुसरं टोक धरलं.