घास भरवतानाचा फोटो

भर मे महिन्यात गोंदियात ब्लँकेट वाटणारे लोक मी पाहिले आहेत. बाहेर डांबर पाघळतंय, आत कूलर गरम हवा फेकतोय, आणि देणारा-घेणारा दोघंही एकच ब्लँकेट धरून कॅमेऱ्याकडे बघतायत. हसावं की रडावं कळत नाही. मी बहुधा चिडते.

स्टेशनच्या मागे, बंद पडलेल्या एका राइस मिलच्या ऑफिसात आमचं केंद्र चालतं. घर नसलेल्या तरुण पोरापोरींनी दिवसा यावं, आंघोळ करावी, कपडे धुवावेत, डाळभात खावा, सामान पेटीत ठेवून कुलूप लावावं, एवढंच. रात्री राहायची सोय नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे स्वयंपाकाला असते. कुणाला अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहाने बाहेर काढलेलं असतं, कुणी घरच्या मारापायी पळालेलं असतं. खर्च सगळा देणग्यांवर. त्यामुळे गावातले वाढदिवस आणि पुण्यतिथ्या आमच्याकडे साजऱ्या होतात, आणि पाहुणे येईपर्यंत भात झाकून ठेवायचा, असा आमच्या अध्यक्षांचा नियम. "ज्याचं अन्न त्याचा मान," असं ते म्हणतात. ज्याची भूक, त्याचं काय?

या पोरांत एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. सावत्र बापाच्या जाचाला कंटाळून नागझिऱ्याकडच्या खेड्यातून आलेली. झोपायची स्टेशनवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये. पण सकाळी आमच्याकडे आंघोळ करून, वेणी घालून, धुतलेली ओढणी घेऊन निघाली की कुणाला शंका आली नसती. बाजारातल्या एका साडीच्या दुकानात तिला काम मिळालं होतं. "फुलचूरला मामीकडे राहते," असं तिने तिथे सांगितलेलं. खोटंच. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी उंबरा ओलांडू दिला असता? दुकानातलीच एक मुलगी तिला आपल्या खोलीवर घ्यायला तयार झाली होती. पहिला पगार झाला की ती तिकडे जाणार होती.

"आतून कडी लावीन, काकू," ती मला सांगायची, "अन् सकाळ होतवरी झोपीन." दुसरं काही तिने मागितलेलं मला आठवत नाही.

त्या दिवशी ती दुपारच्या सुटीत जेवायला आली. नेमका बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस. भात झाकलेला, पाहुण्यांचा पत्ता नाही.

"काकू, माही सुटी संपून राहिली. मले उभ्याउभ्याच देऊन द्या ना जी."

मी झाकण उचललं, तर अध्यक्षांनी ते माझ्या हातातून घेऊन परत ठेवलं. "अहो मॅडम, दोन मिनिटं! गाडी वळलीच आहे."

गाडी आली, केक आला, फोटोवाला आला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ये लड़की साफ-सुथरी दिख रही है, इसको बीच में लो." घ्या, स्वच्छ राहण्याचं बक्षीस! व्यापाऱ्याच्या बायकोने केकचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला. "हातात द्या ना जी," ती हळूच म्हणाली. "मुँह खोलो बेटा, मुँह खोलो!" फोटोवाला ओरडला. त्या घोड्याएवढ्या पोरीने तान्ह्या बाळासारखं तोंड उघडलं, आणि मनाजोगता फोटो येईपर्यंत घास तिच्या ओठाशी तसाच धरून ठेवला गेला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो बाजारातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. खाली ओळ: 'बेसहारा बच्चों के संग लाडले का जन्मदिन'. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. आता डावा हात मोबाईल धरतो.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकाने फोटोवरून चौकशी करून तिला पायरीवरूनच परत पाठवलं. मी भांडायला गेले.

"मॅडम, काम में कोई शिकायत नहीं," तो म्हणाला. "पर स्टेशन पे सोने वाली को गल्ले के पास कैसे खड़ा करूँ?"

तिने तिथली एक पिनसुद्धा उचलली नव्हती. पण ज्याला घर नाही तो चोर, हे आधीच ठरलेलं असतं. खोलीवाल्या मुलीनेही हात वर केले; तिच्या घरमालकाने फोटो पाहिला होता.

तिथून मी तडक त्या व्यापाऱ्याकडे गेले. म्हटलं, फोटो काढून टाका आणि दुकानदाराला एक शब्द सांगा, तुमचं ऐकेल तो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "फोटो तो कितना अच्छा आया है, मॅडम!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या बहिणीच्या तोंडात घास धरून असा फोटो बाजारभर फिरवला तर चालेल का?" मी विचारलं.

"उसकी बात अलग है," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी मनापासून. त्याला ती बात खरंच अलग वाटत होती, आणि याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

"एका मुलीपायी दाते तोडायचे का?" अध्यक्षांनी मला विचारलं. तोडा, म्हटलं. तेव्हापासून भात शिजला की मी वाढते. कुणाची गाडी कुठे वळली, ते त्यांचं त्यांनी बघावं.

पण ती मुलगी केंद्रात यायची बंद झाली. शेवटी मीच डबा घेऊन स्टेशनवर गेले. ती नळावर ओढणी धूत होती.

"काऊन येत नाहीस गं?"

"कायले येऊ जी?" तिने ओढणी पिळली, झटकली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमची चुकी नाही, काकू. मीच भुकेपायी थांबली. तशीच उपाशी निंगून गेली असती त आज खोलीत राहिली असती."