बाबांच्या फोटोपुढचं पिवळं फूल

परदेशातल्या आमच्या क्लेटन उपनगरातल्या घरामागचा एक कोपरा सदा ओला. ऊन भरपूर, पण खाली चिकणमाती, पाणी हटायचंच नाही. तिथे मी तीन गुलाब मारले. शेवटी नर्सरीतल्या बाईने "इथलंच काहीतरी लाव ना" म्हणत एक किरकोळ रोप हातात दिलं. स्वॉम्प एव्हरलास्टिंग. इथल्या पाणथळ गवतात उगवणारं रानफूल. त्या चिखलात ते असं माजलं की विचारू नका. पिवळीधमक फुलं, पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून माझ्याकडे आली. आल्या आल्या तिने त्यातलं एक फूल खुडून बाबांच्या फोटोपुढे ठेवलं. देवांची फुलं ती रोज बदलायची, हे मात्र तसंच. "अगं, सुकलेलंच नाही, काढू कसं?" म्हणायची. असे कित्येक आठवडे गेले.

मी मुळातच तापट, त्यात शनिवारी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. सकाळी आवराआवर करताना त्या फुलावरची धूळ दिसली. उचललं आणि निर्माल्य म्हणून हिरव्या झाकणाच्या, ओल्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. वर चहाचा चोथाही ओतला.

जेवताना आई म्हणाली, "माझं तिकीट बघ बाई आता."

"का? कोणी काही बोललं का तुला?" मी भडकलेच.

"कोण बोलतंय! मनाशी ठरवलं होतं, हे फूल सुकलं की परत जायचं. लेकीकडे राहायलाही काही धरबंध हवा ना. पण मेलं सुकेचना. आज तूच काढलंस, म्हणजे झालं." मग हळूच म्हणाली, "बरं वाटत होतं गं मला इथे. त्या घराचं कुलूप काढून एकटीने आत शिरायचं, नुसता विचारही नको वाटतो."

शरमेने मेले मी. तशीच उठले, बिनमध्ये कोपरापर्यंत हात घातला. फूल सापडलं, पण भिजून घट्ट मिटलेलं.

"गेलं बघ," आई म्हणाली.

मी ते धुतलं आणि किचनच्या खिडकीत उन्हात ठेवलं. चार वाजता आईनेच हाक मारली. पाकळ्या पुन्हा पसरल्या होत्या.

"कचऱ्यातलं फूल यांच्या फोटोपुढे नाही हं ठेवणार मी. राहू दे इथेच."

"आणि तिकीट?"

तिने फुलाला बोट लावून पाहिलं. "सुकलंय कुठे अजून?"